सरकारकडे मास्क का नव्हते?

पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आणि मुंबईत ११ मार्चला करोनाचे पहिले रुग्ण सापडले. पुढच्या काही आठवड्यांत शहर बंद झाले, लोकल थांबल्या, पण काही लोकांना घरी बसण्याची मुभा नव्हती. कूपर रुग्णालयातली सिस्टर, राजावाडी रुग्णालयातला वॉर्डबॉय, मुलुंडमध्ये कचरा उचलणारा कामगार, बोरिवलीच्या नाकाबंदीवरचा शिपाई, बेस्टचा चालक. त्यांच्या घरच्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न लोक आजही विचारतात. दुष्काळासाठी देश धान्य राखून ठेवतो, अडचणीच्या दिवसांसाठी तेल राखून ठेवतो, मग या माणसांसाठी मास्क, हातमोजे आणि किट का राखून ठेवले नव्हते?

प्रश्न रास्त आहे. धान्याच्या बाबतीत नियम इतका पक्का आहे की, दरवर्षी १ एप्रिलला केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून किमान २१०.४ लाख टन असावेत असे ठरलेले आहे. त्यातले ५० लाख टन केवळ आणीबाणीसाठी. बोरिवलीत राहणाऱ्यांना भारतीय अन्न महामंडळाचे गोदाम माहीतच असते. कच्चे तेल विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांत साठवले जाते. आणि साथ येऊ शकते याची कल्पना नव्हती असेही नाही. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा पुण्या-मुंबईत मास्कसाठी दुकानोदुकानी फिरावे लागले होते.

मग अकरा वर्षांत साठा का झाला नाही? ‘निष्काळजीपणा’ हे उत्तर पटकन सुचते आणि त्यात तथ्यही आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर पुढच्या वेळी आपण एक मोठे गोदाम भरून ठेवू आणि पुन्हा फसू. गोदामे भरून ठेवलेले देशही फसले होते. ते का, हे समजण्यासाठी आधी किटमध्ये काय असते ते पाहू.

१. किटमध्ये काय असते

‘पीपीई किट’ ही एक वस्तू नाही. त्यात डोक्यापासून घोट्यापर्यंतचा अंगभर पोशाख, बुटांवरचे आवरण, हातमोज्यांचे दोन जोड, डोळ्यांवर गॉगल किंवा चेहऱ्यासमोर पारदर्शक ढाल, आणि नाका-तोंडावर एन-९५ मास्क एवढे तरी असते. यातल्या प्रत्येक वस्तूचे आयुष्य वेगळे, कारखाना वेगळा आणि ती लागणारा माणूसही वेगळा. कचरा उचलणाऱ्याला अंगभर पोशाखापेक्षा जाड रबरी हातमोजे आणि गमबूट जास्त महत्त्वाचे. घशातला नमुना घेणाऱ्या डॉक्टरला एन-९५ आणि चेहऱ्याची ढाल. पोलिसाला मास्क, जंतुनाशक आणि उन्हात उभे राहूनही सहन होईल असे काही.

एन-९५ मधल्या ९५चा अर्थ असा की, ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांपैकी, म्हणजे मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढ्या कणांपैकी, किमान ९५ टक्के कण तो अडवतो. कापड घट्ट विणून हे साधत नाही. तसे केले तर श्वासच घेता येणार नाही. मास्कच्या मधल्या थरात वितळवलेल्या प्लास्टिकचे अतिशय बारीक तंतू हवेच्या झोताने पसरवलेले असतात. त्याला ‘मेल्टब्लोन’ कापड म्हणतात. या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो, तो कणांना ओढून धरतो, आणि तंतूंमधल्या मोकळ्या जागेतून हवा मात्र जात राहते.

साठ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे हा विद्युतभार कायमचा नसतो. उष्णता आणि दमट हवेत तो हळूहळू उतरतो. त्याआधीच कानामागचा किंवा डोक्यामागचा रबरी पट्टा कडक होतो, नाकावरचा फोम भुगा होतो. मास्क चेहऱ्याला चिकटून बसला नाही की कडेने हवा शिरते, आणि मग ९५ला काही अर्थ उरत नाही. म्हणून बहुतेक उत्पादक मास्कवर सुमारे पाच वर्षांची मुदत छापतात, काही त्याहून कमी.

२. किती लागतील

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उपनगरातल्या एखाद्या पालिका रुग्णालयात साथीच्या रुग्णांसाठी १०० खाटांचा विभाग सुरू केला. किट घालून सहा तासांपेक्षा जास्त काम करणे माणसाला झेपत नाही. आत गेल्यावर पाणी पिता येत नाही, शौचालयात जाता येत नाही. म्हणून दिवसाच्या चार पाळ्या. प्रत्येक पाळीत १० परिचारिका, ४ डॉक्टर आणि ६ वॉर्डबॉय, आया, सफाई कर्मचारी धरू. एका पाळीला २० किट, दिवसाला ८०. फाटलेली, मापाला न बसलेली, मध्येच बाहेर यावे लागल्याने टाकावी लागलेली, यासाठी पाचवा हिस्सा वाढवू. साधारण १०० किट रोज.

आता दुसरा आकडा. मागणी नोंदवल्यापासून माल दारात यायला किती दिवस लागतात? ४५ दिवस लागत असतील तर या एका विभागासाठी ४,५०० किट आधीच हाताशी हवीत. तोच पुरवठा १५ दिवसांत होण्याची खात्री असेल तर १,५०० पुरतात. म्हणजे साठा दोन गोष्टींवर ठरतो, रोजचा खप आणि पुरवठ्याला लागणारे दिवस. पुरवठ्याचे दिवस कमी केले तर गोदाम तिपटीने लहान होते. हे लोकांच्या लक्षात येत नाही, आणि सरकारी टिपणांतही बहुतेक वेळा ‘किती नग’ एवढेच लिहिलेले असते.

३. पैसे होते, माल नव्हता

साथ आली तेव्हा खरा तुटवडा या दुसऱ्या आकड्यात होता. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने करोनाला आपत्ती मानून राज्यांना आपत्ती प्रतिसाद निधी वापरायला परवानगी दिली. त्या आदेशात संरक्षक साधनांचा खर्च ज्यांच्यासाठी करता येईल त्यांची नावे स्पष्ट होती: आरोग्य, पालिका, पोलीस आणि अग्निशमन कर्मचारी. साधनसामग्रीवरच्या एकूण खर्चाला निधीच्या वार्षिक रकमेच्या १० टक्क्यांची मर्यादा होती. पैशाची वाट निदान उघडली होती.

पण विकत घ्यायचे कोणाकडून? साथीआधी आपल्या देशात वैद्यकीय दर्जाचे अंगभर पोशाख जवळजवळ बनतच नव्हते. ते आयात होत, आणि पुरवठ्याचा मोठा भाग चीनमध्ये होता, जिथे साथ आधी पोचली होती. ३ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगाला दरमहा ८ कोटी ९० लाख वैद्यकीय मास्क लागतील असा अंदाज दिला आणि उत्पादन ४० टक्क्यांनी वाढवा असे आवाहन केले. प्रत्येक देश त्याच कारखान्यांच्या दारात उभा होता.

आपल्याकडे ३१ जानेवारीला संरक्षक साधनांच्या निर्यातीवर बंदी आली. आठवडाभरात, ८ फेब्रुवारीला, ती साध्या मास्कसाठी आणि बहुतेक हातमोज्यांसाठी सैल झाली, २५ फेब्रुवारीला आणखी सैल झाली, आणि १९ मार्चला मास्क व त्यांच्या कच्च्या मालावर पुन्हा बंदी आली. घरात किती शिल्लक आहे आणि उद्या किती लागेल याचा हिशेब कोणाच्या हातात असता तर हे हेलकावे आले नसते, असे मला वाटते. १३ मार्चला मास्क जीवनावश्यक वस्तू ठरले, २१ मार्चला तीनपदरी मास्कची कमाल किंमत १० रुपये ठरली. त्याच आठवड्यात मुंबई पोलिसांनी दडवून ठेवलेले सुमारे २५ लाख मास्क पकडले, किंमत अंदाजे १५ कोटी. साठा होता, पण भलत्याच्याच गोदामात.

मग कारखाने कामाला लागले, आणि हा भाग अभिमानाने सांगावा असा आहे. कपडे शिवणाऱ्यांनी वैद्यकीय पोशाख शिवायला घेतले. अडचण कापडाची होती त्याहून शिलाईची निघाली. सुईने शिवले की भोके पडतात आणि त्यातून द्रव आत जातो. त्या शिवणीवर गरम हवेने पट्टी चिकटवावी लागते आणि ती यंत्रे देशात थोडीच होती. दर्जा तपासायला कापडावर रक्तासारखा रंगीत द्रव दाब देऊन सोडतात आणि तो पलीकडे उमटतो का ते पाहतात. सुरुवातीला हे काम कोइमतूरच्या ‘सिट्रा’ या वस्त्र संशोधन संस्थेकडेच होते, नंतर संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आणि आयुध निर्माण्या सामील झाल्या. मुंबईत नौदलाच्या वैद्यकीय संस्थेने ‘नवरक्षक’ नावाचा पोशाख तयार केला. आत हवा खेळती राहावी हा त्यामागचा विचार होता, आणि एप्रिल-मेच्या मुंबईत तो फार मोलाचा. मे महिना संपेपर्यंत देशातले रोजचे उत्पादन लाखांच्या घरात गेले.

मधले आठ-दहा आठवडे मात्र उघडे गेले. अंधेरीत मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय पालिकेने याच काळात करोनासाठी चालवायला घेतले. गोरेगावच्या नेस्को संकुलातली, मुलुंडची आणि दहिसरची मोठी उपचार केंद्रे नंतर उभी राहिली, तेव्हा माल येऊ लागला होता. आधी संकट झेलले ते जुन्या रुग्णालयांनी. साठा नेमका या आठ-दहा आठवड्यांपुरता लागतो. सगळ्या साथीला पुरेल एवढा कोणताच देश भरून ठेवू शकत नाही.

४. भरलेली गोदामे रिकामी कशी झाली

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताला २००३मध्ये सार्सने मोठा फटका दिला. टोरांटोच्या रुग्णालयांत कर्मचारी आजारी पडले, काही दगावले. प्रांताने धडा घेतला आणि सुमारे साडेपाच कोटी एन-९५ मास्क विकत घेऊन ठेवले. २०१७च्या लेखापरीक्षणात आढळले की साठ्यातल्या ८० टक्क्यांहून अधिक मालाची मुदत संपली होती. करोना येईपर्यंत तो साठा बव्हंशी नष्ट केला गेला होता.

अमेरिकेचा राष्ट्रीय साठा १९९९पासून आहे. २००९च्या स्वाइन फ्लूत त्यातून कोट्यवधी एन-९५ वाटले गेले. ते काम चोख झाले, पण रिकामी झालेली जागा पुढच्या दहा वर्षांत भरली नाही. २०२०च्या मार्चमध्ये त्यांच्या आरोग्य खात्याने सांगितले की, मोठ्या साथीत वर्षभराला जे लागेल त्याच्या साधारण १ टक्का एवढेच हाताशी आहे.

दोन्हीकडे माल घेण्यात चूक झाली नव्हती. घेतल्यानंतर त्याच्याकडे पाहिले गेले नाही. साथ ओसरली की गोदामाचे भाडे दिसते, मास्क दिसत नाहीत, आणि अर्थसंकल्पात पहिली कात्री तिथे लागते.

५. मुंबईत ठेवणार कुठे

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. पहिली जागेची. किट हलके असते पण जागा फार खाते, आणि उपनगरात कोरडी, मोठी, रस्त्यालगतची जागा मिळणे किती कठीण हे वेगळे सांगायला नको. रुग्णालयांची स्टोअर्स सहसा तळमजल्यावर असतात, कारण माल चढवायला-उतरवायला सोपे पडते. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीच्या काठचा मरोळ-साकीनाका-कुर्ल्याचा पट्टा पाण्याखाली गेला. आपत्तीसाठी ठेवलेला माल दुसऱ्या आपत्तीत भिजून जावा, हे या शहरात सहज घडू शकते. म्हणून साठा एका ठिकाणी न ठेवता निदान दोन-तीन ठिकाणी, वरच्या मजल्यावर, जमिनीपासून उंच फळ्यांवर हवा.

दुसरी अडचण हवेची. जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, बुरशी येते, रबर चिकट होते. थंड देशात मास्कवर छापलेली पाच वर्षे इथल्या बंद, दमट खोलीत पाच भरतीलच असे नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक खेपेतले थोडे मास्क काढून पट्टा ओढून पाहणे, चेहऱ्यावर बसवून पाहणे एवढे तरी झाले पाहिजे. याला फार खर्च नाही, एका जबाबदार माणसाचा एक दिवस लागतो.

६. फिरता साठा

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. वर्सोवा, मढ, मनोरीच्या कोळीवाड्यांत पावसाळ्याआधी अगोटीची बेगमी होते. तांदूळ, मसाला, सुके बोंबील, जवळा डब्यांत भरून ठेवतात. ती बेगमी पावसाळा संपेपर्यंत कुलूपबंद नसते. रोज त्यातलेच रांधायचे, जुने आधी काढायचे, हवामान बिघडून मासळी बंद राहिली तर त्याच डब्यांवर भागवायचे. डब्यात किती आहे हे घरातल्या बाईला न मोजता माहीत असते, कारण तिचा हात रोज त्यात जातो.

मास्कचा साठा असा ठेवता येतो. नवा माल मागे लावायचा, जुना पुढे ओढून रोजच्या कामाला द्यायचा. पण त्यासाठी रोजचे काम तेवढे मोठे हवे. पुन्हा हिशेब करू. समजा मास्क येतो तेव्हा चार वर्षांची मुदत शिल्लक असते, आणि आणीबाणीत हाती येणाऱ्या मास्कला निदान एक वर्ष उरलेले असावे. म्हणजे तो तीन वर्षांत वापरला गेला पाहिजे. रुग्णालय रोज ५ एन-९५ वापरत असेल तर ५ × ३६५ × ३, म्हणजे ५,४७५ मास्कांपेक्षा मोठा साठा त्याला ठेवताच येणार नाही, वरचे फुकट जातील. तेच रुग्णालय रोज ६० वापरत असेल तर ६५,७०० मास्क एकही न टाकता फिरवता येतील.

मग रोज ६० मास्क कोणाला द्यायचे? याचे उत्तर मुंबईत शोधावे लागत नाही. या शहरात दरवर्षी ५० हजारांहून अधिक क्षयरुग्णांची नोंद होते, आणि औषधांना दाद न देणारा क्षय इथे मोठ्या प्रमाणात आहे. क्षय हवेतून पसरतो. त्याच्यापासून वाचवणारा मास्क एन-९५च. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात काम करताना कर्मचाऱ्यांना क्षय झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. उपनगरांतल्या रुग्णालयांचे छातीविकार विभाग, थुंकी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, औषधाच्या खिडक्या, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, या सगळ्यांना रोज चांगला मास्क मिळणे हा त्यांचा आजचा हक्क आहे. तो दिला की उद्याचा साठा आपोआप ताजा राहतो.

सफाई कामगारांचेही तसेच. ओल्या-सुक्या कचऱ्यात काच, सुया, सॅनिटरी पॅड हाताला लागतात. पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जाड हातमोजे आणि गमबूट त्यांना बाराही महिने हवेत. ते नियमाने, फाटले की लगेच, मिळत राहिले तर कारखानदाराकडे मागणी सतत राहते, यंत्रे चालू राहतात, आणि संकटात त्याच कारखान्याला दुप्पट माल मागता येतो. पाच वर्षांत एकदा ऑर्डर मिळणारा कारखाना सहाव्या वर्षी जागेवर नसतो. फिनलंडने औषधांसाठी यावर कायदाच केला आहे: उत्पादक आणि आयातदारांनी ठरावीक महिन्यांचा साठा आपल्याकडे बाळगलाच पाहिजे. आपल्याकडे दर करार करताना असे कलम घालणे शक्य आहे. राज्यात २०२३मध्ये वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच्यासमोर पहिल्या कामांत हे असावे असे मला मनापासून वाटते.

७. शेवटचा माणूस

साठा नीट ठेवला तरी वाटपात गळती होते. रुग्णालयात डॉक्टरांच्या खोलीपर्यंत माल पोचतो, आयाबाईंपर्यंत उरतोच असे नाही. सफाईचे वाटप होते ते हजेरी चौकीवर, मुकादमाच्या वहीतून. त्या वहीत कायम कामगारांची नावे असतात, कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या यादीत असतात, आणि ठेकेदाराने साधने द्यायची असे करारात लिहिलेले असते. साथ आली की जंतू करार वाचत नाही. आणीबाणीच्या साठ्याची यादी नोकरीच्या प्रकारावरून न करता कामाच्या जागेवरून करावी लागते. त्या चौकीवरून सकाळी जितकी माणसे निघतात तितके संच.

माप हाही वाटपाचाच भाग. परिचारिकांमध्ये बहुसंख्य बायका, आणि पोशाख येतात मोठ्या मापाचे. पाय अडकतात, बाह्या लोंबतात, मास्क गालावर बसत नाही. खरेदीच्या मागणीपत्रात लहान, मध्यम, मोठे असे वेगवेगळे आकडे लिहिले पाहिजेत, आणि ते त्या रुग्णालयाच्या हजेरीपटावरून काढले पाहिजेत.

हे सगळे आपल्या भागात होते का, हे तपासायला नगरसेवक किंवा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. अंधेरीकरांसाठी के पूर्व आणि के पश्चिम, बोरिवलीकरांसाठी आर मध्य, मुलुंडकरांसाठी टी, घाटकोपरकरांसाठी एन विभाग कार्यालय आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. विचारायचे एवढेच: आज एन-९५ मास्क, हातमोजे आणि गमबूट किती शिल्लक आहेत, त्यांची मुदत कोणत्या महिन्यात संपते, गेल्या बारा महिन्यांत दरमहा किती वाटले, आणि त्यातले किती कंत्राटी कामगारांच्या हातात गेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वात आधी वाचा. तिथे महिन्यामागून महिने शून्य दिसले, तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आकडा कितीही मोठा असला तरी त्या खोक्यांची मुदत तपासायला सांगा.